डॅशबोर्डातल्या भोकाची कुळकथा

मोटारीच्या डॅशबोर्डात मधोमध एक आडवं चौकोनी भोक असायचं. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. लातुरातल्या कुठल्याही कार डेकोरवाल्याला विचारा, तो पट्टी न लावता सांगेल, ‘सिंगल डिन’. उंची दुप्पट असली की ‘डबल डिन’. डिन ही जर्मनीतली मानकं ठरवणारी संस्था आहे हे त्याच्या गावीही नसतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. पण औसा रोडवर बसून जपानी टेप पुण्यात बनलेल्या गाडीत आणि चिनी टेप नाशिकच्या गाडीत बसवायची हिंमत तो करतो ती याच मापाच्या जोरावर. १९८४ साली हे माप आयएसओ ७७३६ या क्रमांकाने साऱ्या जगाचं झालं. किल्लारीसारख्या गावातल्या गाड्यांत गाणं आलं, नकाशा आला, मागचं दाखवणारा कॅमेरा आला, ते कंपनीने दिलं म्हणून कमी आणि हे भोक होतं म्हणून जास्त. तेव्हा कुळकथा सांगायची तर त्याचीच सांगायला हवी.

भोक पडायच्या आधी रेडिओ आला. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन या कारखानदाराने आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून घेतला आणि ती गाडी अटलांटिक सिटीला, रेडिओ बनवणाऱ्यांच्या अधिवेशनाला नेली. आत मांडायला जागा घेतलेली नव्हती. त्याने गाडी दारातच उभी केली आणि आवाज वाढवला. येणारे-जाणारे थांबले, मागण्या नोंदवल्या गेल्या. त्या रेडिओला त्याने मोटोरोला नाव दिलं आणि पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे गाडी उभी करून गाणं मोठ्याने लावायचं आणि लोक जमवायचे, हा उद्योग आपल्याकडच्या पोरांनी काढलेला नाही. धंद्याचा जन्मच तसा झालाय.

दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला संच काढला. वजन पंधरा किलो. तो डॅशबोर्डात मावणं शक्यच नव्हतं. पेटी कुठेतरी खाली बसवायची आणि बटणं सुकाणूच्या दांड्यावर आणायची. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला शंभराच्या वर व्होल्ट लागायचे आणि बॅटरी द्यायची सहा. मग ‘व्हायब्रेटर’ नावाची एक डबी लावत. तिच्यातली पोलादी जीभ सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा सरळ प्रवाह तोडायची, जोडायची, आणि ट्रान्स्फॉर्मर त्याचे जास्त व्होल्ट करायचा. गाण्याच्या पाठीमागे सतत गुणगुण ऐकू यायची ती या जिभेची. ती कमी होती म्हणून की काय, प्लगाच्या ठिणगीचा कडकडाटही त्यात मिसळायचा. इंजिन चालू असताना रेडिओ ऐकू येणं हाच मुळात पराक्रम होता. १९५५च्या सुमारास ट्रान्झिस्टर आला, व्हायब्रेटर गेला, पेटी आकसली. ती हाताएवढी झाल्यावरच तिच्यासाठी डॅशबोर्डात ठरावीक मापाचं घर बांधायचा विचार कुणाच्या डोक्यात आला.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. किल्लारी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्यात मोटार बाळगणारे होते ते बहुतेक हैदराबादेत. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढून वर्षाची फी भरावी लागे. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत रेडिओ असणं हे वकील-डॉक्टरांचं काम. मराठवाड्यात गाडीत गाणं खऱ्या अर्थाने वाजलं ते कॅसेटमुळे.

फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ साली आणि ती मोटारीत वाजवणारा टेप १९६८ साली. इथे तो रुजला ऐंशीच्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्यावर. चांगला जपानी डेक आखातातून येणाऱ्याच्या सामानात किंवा मुंबईला मुसाफिरखान्याच्या गल्लीत मिळायचा. बाकीच्यांची तहान देशी जोडणीचे डेक भागवायचे. आणि ते बसायचे कुठे? महिंद्राच्या कमांडरमध्ये, बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये. म्हणजे त्या काळ्या-पिवळ्या जीपांमध्ये, ज्यांत नऊ माणसांच्या जागेवर सतरा बसत आणि दोघं मागे लोंबकळत. जीपचा डॅशबोर्ड म्हणजे पत्र्याची फळी. तिच्यात भोक नव्हतंच. मग मिस्त्री छन्नी घेऊन ते पाडायचा, नाहीतर डेक दोन पट्ट्यांना खालून टांगायचा. प्रल्हाद शिंद्यांची भजनं आणि भीमगीतं, आनंद-मिलिंद शिंद्यांच्या कॅसेटी, अधूनमधून हिंदी. गाणं कुठलं लागायचं यावरून गाडी कुणाची हे कळायचं, आणि कुणी कुठल्या गाडीत बसायचं हेही काही वेळा त्यावरून ठरायचं. याबद्दल आपण फारसं लिहीत नाही.

धूळ आणि ऊन हे टेपचे दोन वैरी, आणि आपल्याकडे दोन्हींना तोटा नाही. काळ्या मातीची बारीक पूड हेडवर बसली की आवाज कांबळ्यातून आल्यासारखा यायचा. स्पिरिटचा बोळा फिरवला की मोकळा. उन्हात आतला रबरी पट्टा सैल पडायचा आणि बाई पुरुषाच्या आवाजात गाऊ लागायची. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो पाव फेरा फिरवला की झांजा, टाळ, घुंगरू एकदम उघडे पडतात. तो स्क्रू कानाने बसवणारे कारागीर होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, ओळखीची एक कॅसेट असायची, तिच्यावरून ते लावायचे.

मग ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. माणसं घरातच गाडली गेली. त्याबद्दल खूप लिहून झालंय. मला सांगायचंय ते नंतरचं. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. जुन्या किल्लारीच्या बोळांतून दोन बैलगाड्या एकमेकींना चुकवायच्या तर कसरत व्हायची. नव्या गावाची आखणी इंजिनियरांनी केली: सरळ रस्ते, काटकोनातली वळणं, घरांमध्ये ऐसपैस अंतर. इतकी रुंदी कशाला, शेजार तुटला, अशी तक्रार पुष्कळांनी केली आणि ती खरीही होती. पण त्या रुंदीमुळे चारचाकी दारापर्यंत येऊ लागली. जीप पाटीवर सोडून चालत घरी जायचे दिवस संपले, आणि जिथे गाडी दारात उभी राहते तिथे ती सजवायची हौसही येतेच.

या हौशीचं मर्म वायरींच्या रंगांत आहे. टेपच्या मागून एक जुडगा निघतो. पिवळी वायर कायमची बॅटरीला, लाल चावीवरून येणारी, काळी अर्थ. पिवळीवर टेपची आठवण चालते: घड्याळ, लावलेली स्टेशनं. कुणी घाईत पिवळी आणि लाल एकत्र करून कायमच्या करंटवर जोडली की चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते आणि मालक बॅटरीवाल्याशी भांडायला जातो. दोन्ही चावीवर जोडली तर दर सकाळी टेप नव्याने जन्माला येतो. पुढच्या स्पीकरच्या वायरी पांढऱ्या आणि करड्या, मागच्या हिरव्या आणि जांभळ्या. ज्या वायरीवर काळी रेघ ती उणे. एका स्पीकरची अधिक-उणे उलटी लागली तर आवाज येतो, पण दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि ढोलकीचा ठेका हवेतच जिरतो. गिऱ्हाईक म्हणतं, बफर (म्हणजे वूफर) खराब आहे. जाणता कारागीर खिशातून भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल काढतो, वायरींना क्षणभर टेकवतो आणि स्पीकरच्या कागदाकडे बघतो. कागद बाहेर उसळला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. हे तंत्र कुठल्याही आयटीआयच्या पुस्तकापेक्षा दुकानातल्या पोरांकडून जास्त पसरलं.

कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की याच विद्येचं भव्य प्रदर्शन रस्त्यावर निघतं. दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, हूडखाली प्लायवूडच्या पेट्या, त्यांत बारा-बारा इंचांचे बफर, आणि किलोमीटरभर अंतरावरून येणारा आवाज. लोक नाकं मुरडतात. पण ट्रॅक्टरला केबिन नसते, इंजिन पुढ्यातच असतं, त्यावर मात करायची तर आवाज मोठाच लागतो. आणि रात्री दोन वाजता उसाच्या रांगेत जागं राहणं ही चैन नव्हे. माझं भांडण गाण्याशी नाही. हजारोंचा साउंड लावलेल्या त्याच ट्रॉलीला मागे शंभर रुपयांचा रिफ्लेक्टर नसतो, भांडण त्याच्याशी आहे. शिवाय एवढ्या आवाजात मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हे हंगामातले अपघात वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नकाशाची गोष्ट गाण्याच्या गोष्टीला फार जवळून चिकटलेली आहे. १९८५ साली अमेरिकेत एटॅक नावाच्या कंपनीने मोटारीत रस्ता दाखवणारं यंत्र विकायला काढलं, तेव्हा नकाशे भरले होते ते कॅसेटमध्ये. गाणी वाजायची तीच फीत, तिच्यावर गल्ल्या आणि चौक. शहराच्या एका भागातून दुसऱ्यात गेलं की कॅसेट बदलायची. उपग्रहाचा आधार त्याला नव्हता. चाकांचे फेरे मोजून आणि होकायंत्र बघून ते अंदाज बांधायचं. उपग्रहावर चालणारं यंत्र गाडीतूनच बसवून आलं ते १९९०मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो या स्पोर्ट्स कारमध्ये, जपानात. तरी अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, शंभरेक मीटरची. नव्या किल्लारीत शंभर मीटर म्हणजे भलतीच गल्ली. २००० सालच्या मे महिन्यात ती भेसळ बंद झाली आणि मगच हे यंत्र सामान्य माणसाच्या उपयोगाचं झालं.

आमच्या भागात मात्र जीपीएस आधी पोचलं ते गाडीतून नाही. भूकंपानंतर दख्खनच्या पठाराची जमीन किती सरकते ते मोजायला शास्त्रज्ञांनी त्याची यंत्रं मांडली. गाडीत ते आलं डबल डिनच्या चिनी पडद्यातून, मग मोबाइलमधून. आणि इथे त्याची एक अडचण होते, कारण आमच्याकडे एका नावाची दोन गावं आहेत: जुनं आणि नवं. पावसाळ्यात बाभळी माजलेल्या पडक्या गावठाणाकडे पाहुण्याची गाडी वळली, तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो. म्हणून लग्नपत्रिकेवर आजही ‘किल्लारी पाटीपासून’ असं लिहिलेलंच बरं. सरकारने २०१९पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र सक्तीचं केलं. जीपचा डेक कसा छन्नीने बसवला होता ते पाहिलेल्याला यात गंमत वाटेल.

आता भोकच बुजतंय. महिंद्राची थार २०१० साली आली तेव्हा तिच्यात टेप नव्हता; घेणारा ती सरळ कार डेकोरच्या दारात नेऊन उभी करायचा, आणि आमच्याकडच्या तरुणांची स्पोर्ट्स कार म्हणाल तर तीच. २०२०ची नाशिकची थार वरच्या मॉडेलात आली ती पडदा घेऊनच, रिमझिम पावसाचा त्रास न होणारा, आणि स्पीकर छताला. तो पडदा गाणी लावतो, रस्ता दाखवतो आणि गाडी किती अंशांत कलली तेही सांगतो. पडद्याला ते सगळं कळतं, कारण गाडीतली यंत्रं एकमेकांशी दोन वायरींवरून बोलतात. ही ‘कॅन’ पद्धत बॉशने १९८६ साली मांडली. त्या दोन वायरींत कात्री घातली की गाणं राहतं बाजूला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि सुकाणूवरची बटणं मरतात. दुकानदार म्हणतो, “ह्याला कॅनबसचा डबा लागतो, भेटला तर बसवू.” पूर्वी तो ‘बसवू’ म्हणायचा, ‘भेटला तर’ म्हणायचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीचा पडदा देखणा असेल, पण दहा वर्षांनी तो गेला तर गाडी चालती आणि पडदा मेलेला, अशी गत होईल. आणि तो बदलायचा हक्क, जो एका ठरावीक मापाच्या भोकाने मालकाला आणि तालुक्याच्या कारागिराला दिला होता, तो हातातून गेलेला असेल. नव्या गाड्यांसाठीही असं एखादं माप ठरायला हवं.

तोवर ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एवढं करावं. टेप बदलताना कंपनीची वायर कापू देऊ नका. गाडीच्या नावाचं कपलर मागा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ॲम्पची जाड वायर बॅटरीवरून ओढणार असाल तर फ्यूज ॲम्पजवळ लावून उपयोग नाही, तो बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा, कारण वायर मध्येच पत्र्याला घासली तर आग लागते ती फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्यात. आणि निघायच्या आधी सेल टेकवून चारही स्पीकर तपासायला लावा.