महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 : अनेक गावे, एक पाणलोट, एक समिती

जमिनीखालचे पाणी गावाची शीव पाळत नाही. एका गावात खोल बोअर घेतली की शेजारच्या गावातील विहिरीची पातळी खाली जाऊ शकते. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा असून त्यात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांतच साठते. म्हणून या कायद्याने भूजलाच्या व्यवस्थापनासाठी गावाऐवजी पाणलोट क्षेत्र हे एकक मानले आहे.

पाणलोट क्षेत्र म्हणजे काय?

ज्या भागात पडलेला पाऊस वाहत जाऊन एकाच नाल्याला किंवा नदीला मिळतो, तो सर्व भाग म्हणजे एक पाणलोट क्षेत्र. त्यात अनेक गावे येऊ शकतात.

कायद्याने काय एकत्र आणले?

• राज्य पातळीवर : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005 च्या कायद्याने स्थापन झाले. 2009 च्या अधिनियमाने त्यालाच राज्य भूजल प्राधिकरण म्हणून जबाबदारी दिली. हा अधिनियम 1 जून 2014 पासून लागू झाला. धरण-कालव्याचे पाणी आणि भूजल यांच्या नियमनाचे काम त्यामुळे एकाच प्राधिकरणाकडे आले.
• स्थानिक पातळीवर : भूजलाचा उपसा जास्त असलेले क्षेत्र ‘अधिसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येते. तेथे पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती नेमण्याची तरतूद आहे. गावोगावच्या वेगवेगळ्या निर्णयांऐवजी भूजलाचा वापर आणि पीक नियोजन यांचा आराखडा संपूर्ण क्षेत्रासाठी एकत्र होतो.

तांत्रिक माहिती व सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा देते.

विहीरधारकांनी लक्षात ठेवण्याच्या अटी

1. विहीर किंवा बोअर असल्यास तिची नोंदणी करणे आवश्यक आहे.
2. अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल नवीन विहीर घेण्यास मनाई आहे.
3. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही.
4. पाणीटंचाई जाहीर झाल्यास अशा स्रोताजवळील खासगी विहिरींच्या उपशावर निर्बंध येऊ शकतात.

अनुदानावर विहीर घेणार असाल तर

खोदकामाला पाणी लागले नाही किंवा विहीर नियमबाह्य ठरली, तर लाभार्थ्याचे पैसे आणि श्रम अडकतात. म्हणून खोदकामापूर्वी :

• आपला गट कोणत्या पाणलोट क्षेत्रात येतो आणि ते अधिसूचित आहे का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. सोबत 7/12 उतारा न्या.
• गावाच्या पाणीपुरवठा विहिरीपासूनचे अंतर मोजून घ्या.
• योजनेच्या स्वतंत्र अटी पंचायत समितीत तपासा.

नेहमीचे प्रश्न

ग्रामसभेने ठराव केला, तर तेवढा पुरेसा आहे का?
नाही. योजनेसाठी ठराव लागू शकतो, पण त्यामुळे कायद्यातील अंतराची व खोलीची अट रद्द होत नाही.

आमच्या गावात पाणी भरपूर आहे. इतर गावांसोबत नियोजन कशासाठी?
वरच्या गावातील बंधारे व शोषखड्डे यांमुळे मुरलेले पाणी खालच्या गावाच्या विहिरींना मिळू शकते, आणि वरच्या भागात उपसा वाढला तर त्याची झळही खाली बसते. एकत्र हिशेब केला तर कोणत्या गावाने किती उपसा करायचा हे उन्हाळ्यापूर्वी ठरवता येते.

शेजारच्या बोअरमुळे गावाच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी कमी झाले, तर काय करावे?
ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करा. अर्जात विहिरीचे ठिकाण, गट क्रमांक आणि पाणी कमी झाल्याची तारीख लिहा. अर्जाची पोच अवश्य घ्या.