कुरट्याचे बेट आणि समुद्राची राखण

पिंगळीच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून गोदावरीस मिळते व पूर्वसमुद्राकडे जाते. पश्चिमेचा समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीपुरताच पाहिला असेल. तरीही त्या समुद्रातील एका लहानशा बेटाची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण तिच्यात जो प्रश्न आहे, तो आपल्या गायरानाचाही आहे.

मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. शेजारी पद्मगडाचे छोटे बेट आणि सभोवार पाण्याखाली दडलेले खडक. परक्या गलबतांना हे खडक वैरी वाटत; किल्ल्याला मात्र तोच पहिला तट होता.

याच खडकांवर प्रवाळ वाढते. ते दगडासारखे दिसले, तरी असंख्य चिमुकल्या जीवांनी बांधलेली ती वसाहत होय. तिच्या कपारींत माशांची पिले आसरा घेतात. होडीचा नांगर पडला की ती क्षणात मोडते; पुन्हा वाढावयास वर्षे लागतात.

हे धन राखावे म्हणून शासनाने १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्यातच येतात. कच्छच्या आखातातील बेटांना असे संरक्षण याआधीच, १९८० साली, मिळाले होते.

परंतु मालवणच्या मच्छीमारांनी या घोषणेला विरोध केला. हे ऐकून, त्या लोकांना समुद्राची चाड नाही, असा निष्कर्ष कोणी काढील, तर ती मोठी चूक ठरेल. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून होडी समुद्रात लोटू नये, ही त्यांची जुनी चाल. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या काळात, समुद्राला त्यामुळे आपोआप विसावा मिळे. रापण तर सर्वांनी मिळून किनाऱ्यावरून ओढावयाची आणि मासळीचे वाटे करावयाचे. पुढे यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उपसले जाऊ लागले, तेव्हा निर्बंधाची मागणी करीत पुढे आले ते हेच पारंपरिक मच्छीमार. २०१६ साली शासनाने त्या जाळ्यांवर मर्यादा घातल्या.

तात्पर्य, त्यांचे भांडण राखणीशी नव्हते. आपल्याला बाहेर ठेवून राखण होईल आणि चूल मात्र आपली विझेल, हे त्यांचे भय होते. ते भय निराधार होते, असे मला म्हणवत नाही.

येथे मराठी राज्याच्याच एका दंडकाची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट ताकीद आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली. त्यांस हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तरच धन्याला राजी करून व मोल देऊन ते तोडावे. राज्याची निकड केवढी, तर आरमाराची! तरीही धन्याच्या राजीखुशीवाचून कुऱ्हाड चालवावयाची नाही. झाड राखले जाई आणि झाडाच्या धन्याचा मानही.

कुरट्याच्या भोवतालच्या पाण्याला हाच न्याय लावला पाहिजे. प्रवाळ राखावेच, त्यात तडजोड नको. पण मर्यादा कोठे आखावी, नांगर कोठे टाकू नये, हे ठरविताना रापणकराला पंक्तीत बसवावे. समुद्रावर चोवीस तास पहारा करणे कोणत्याही कचेरीला शक्य नाही. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याचाच डोळा तेथे सदैव असतो.

आपल्या गावचे गायरान आठवा. ज्या गायरानाला गावाने आपले मानले, तेथे कुंपण नसतानाही गवत टिकते. समुद्राला तर कुंपण घालताच येत नाही.