पिवळ्या डब्याची गोष्ट



दिवाळीला महिना-दीड महिना होता. आमच्या एका गटाला फराळाची ऑर्डर मिळाली होती. शंकरपाळी, साट्याच्या करंज्या आणि चकली, सगळं मिळून ६० किलो. सामानाची यादी करायला बसलो आणि मोहनापाशी येऊन अडलो. एक मावशी म्हणाल्या, "डालडाच घाला. इतकी वर्षं करतेय मी. तेलाच्या मोहनाला तो खुसखुशीतपणा येत नाही." गटात नवीन आलेली एक सून हळूच म्हणाली, "पण मावशी, डालड्यानं वजन वाढतं, हार्टअटॅक येतो म्हणतात." तिसरीनं तोडगा काढला, "डालडा घालू अन् पाकिटावर 'तुपातले' लिहू. वनस्पती तूपच म्हणतात की त्याला!"

सगळ्या हसल्या. पण यादी तशीच राहिली, कारण मावशींना आणि सुनेला, दोघींनाही खरं काय ते नीट सांगता येईना. मीही गप्प होते. घरी आल्यावर मिळेल ते वाचायला घेतलं. आमच्या बैठकीत झालं तेच भांडण या देशात ७०-८० वर्षांपूर्वी मोठमोठ्या माणसांत झालेलं आहे, हे तेव्हा कळलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आपल्या आज्यांच्या काळात घरात दोनच स्निग्ध पदार्थ असायचे. एक घाण्याचं तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं, जवसाचं. दुसरं तूप. तूप महाग होतं. ज्याच्या दावणीला गाय-म्हैस त्याच्या घरी तूप, बाकीच्यांना सणापुरतं. तेल स्वस्त, पण लवकर खवट व्हायचं. तुपासारखं घट्ट, टिकाऊ आणि तेलासारखं स्वस्त असं काही मिळालं तर हवंच होतं.

ते जर्मनीत तयार झालं. विल्हेल्म नॉर्मन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०२ साली एका युक्तीचं पेटंट घेतलं. गरम तेलात निकेल धातूची बारीक पूड टाकायची आणि त्यातून हायड्रोजन नावाचा वायू सोडायचा. पातळ तेल थिजून लोण्यासारखं घट्ट होतं. हायड्रोजन पुरता मुरायच्या आधी थांबलं, की पाहिजे तेवढं मऊ राहतं. अमेरिकेत १९११ साली अशी स्वयंपाकाची चरबी 'क्रिस्को' नावानं बाजारात आली. आपल्याकडे असा माल हॉलंडहून यायला लागला आणि लोक त्याला वनस्पती तूप म्हणू लागले.

मग तो इथंच बनवायचं ठरलं. लिव्हर कंपनीनं १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि मुंबईत शिवडीला कारखाना उभा केला. हॉलंडहून माल आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'दादा'. तिला आपलं नाव राहायला हवं होतं, लिव्हरला आपलं अक्षर हवं होतं. म्हणून 'दादा'च्या मध्ये लिव्हरचा 'ल' बसवला आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव नोंदवलं गेलं. त्यात जायचं ते मुख्यतः शेंगदाण्याचं तेल. म्हणजे आपल्याच शेतातला शेंगदाणा कारखान्यात जाऊन तुपाचं रूप घेऊन परत येत होता.

लोक सहजासहजी घेत नव्हते. त्यासाठी १९३९ पासून मोठी जाहिरात झाली. डब्याच्या आकाराची गोल गाडी शहरातल्या रस्त्यांवरून फिरायची. डालड्यात केलेले पदार्थ लोकांना गरम गरम चाखायला द्यायचे. पिवळ्या डब्यावरचं नारळाचं झाड तर वाचता न येणाऱ्या बाईलाही ओळखू यायचं. पुढं कितीतरी घरांत रिकाम्या डब्यात धान्य राहिलं, तुळस लागली.

मग भांडण कशाचं होतं? आधी तब्येतीचं नव्हतंच, फसवणुकीचं होतं. पांढरं, रवाळ, तुपासारखं दिसणारं वनस्पती स्वस्त होतं. व्यापारी ते साजूक तुपात मिसळून तुपाच्या भावानं विकू लागले. गिऱ्हाईक फसायचं आणि खरं तूप करणाऱ्या गवळ्याचा भाव पडायचा. महात्मा गांधींनी १९४६ साली 'हरिजन'मध्ये या प्रकारावर लिहिलं. वनस्पती तुपाच्या नावानं विकणं ही लबाडी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत वनस्पतीवर बंदी घालण्याचं विधेयक मांडलं. बंदी आली नाही. निदान रंग तरी मिसळा, म्हणजे तुपातली भेसळ डोळ्यांना दिसेल, अशी मागणी झाली. पण खायला निर्धोक आणि सहज काढून न टाकता येणारा रंग काही मिळाला नाही.

एक तोड मात्र निघाली. वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचं तेल घालायचं, असा नियम झाला. तिळाच्या तेलावर प्रयोगशाळेत ठरावीक रसायनं टाकली की तांबडा-गुलाबी रंग येतो. तुपाच्या नमुन्याला तो रंग आला, की भेसळ पकडली. आपल्या संक्रांतीच्या तिळानं अशी तुपाची राखण केली, हे वाचून मला फार गंमत वाटली.

तब्येतीची शंकाही तेव्हा निघाली होती. वनस्पतीनं डोळे जातात, वंश खुंटतो असं लोक बोलत. सरकारनं शास्त्रज्ञांना तपासायला लावलं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उंदरांना वनस्पती खाऊ घातलं, त्यांची वाढ पाहिली. अंगाच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांपर्यंत वितळणारं वनस्पती कच्च्या शेंगदाणा तेलापेक्षा वाईट दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. तुपात अ जीवनसत्त्व असतं, वनस्पतीत नसतं, म्हणून १९५३ पासून ते वरून घालणं सक्तीचं झालं. झालं, लोकांना वाटलं प्रश्न मिटला.

आता इथं नीट ऐका. त्या शास्त्रज्ञांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं, उंदीर वाढतो का, जगतो का, त्याला पिल्लं होतात का. वर्षानुवर्षं हे खाणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा विचारलाच गेला नव्हता. तो नीट विचारायला आणखी ४० वर्षं गेली.

१९९० साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी ५९ धडधाकट स्त्री-पुरुषांना तीन तीन आठवडे वेगवेगळ्या चरबीचं जेवण दिलं आणि त्यांचं रक्त तपासलं. तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवला की काही कणांची ठेवण उलटी होते. त्याला ट्रान्स फॅट म्हणतात. हे ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल कमी करतं, असं दिसलं. १९९३ साली अमेरिकेतून ८५ हजारांहून जास्त परिचारिकांची आठ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या बायका ट्रान्स फॅट जास्त खात होत्या, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असं आपण धरून चालतो. हा धडा मात्र बायकांच्या पाहणीतूनच मिळाला.

डेन्मार्कनं २००३ साली कायदा करून तेला-तुपातलं असं कारखान्यातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणलं. आपल्याकडे २०११ च्या नियमांत मर्यादा १० टक्के होती. ती पुढं ५ झाली, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. १९०२ ची युक्ती, १९३७ चं नाव आणि २०२२ चा नियम. मधल्या काळात आपल्या तीन पिढ्यांनी त्यात करंज्या तळल्या. यात त्यांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

आता सुनेचा प्रश्न, डालड्यानं वजन वाढतं का? खरं उत्तर असं, की तेल, तूप, वनस्पती, लोणी, कुठलंही स्निग्ध घ्या, एका ग्रॅमला साधारण ९ कॅलरी मिळतात. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमला साधारण ४. म्हणजे वजनाच्या हिशेबात डालडा तुपापेक्षा वेगळा नाही. वजन वाढतं ते एकूण किती खाल्लं आणि किती राबलो यावर. पण स्वस्त वस्तूचा एक गुण असतो, ती वापरताना हात सैल सुटतो. एक किलो मैद्याला पाव किलो मोहन घातलं, तर त्या मोहनाच्याच २,२५० कॅलरी झाल्या, अजून तळण बाकी आहे. तूप महाग होतं तेव्हा ते चमच्यानं पडायचं. डालडा आला आणि तो डावानं पडू लागला. वजनाची गोष्ट इथं आहे. हृदयाची गोष्ट वेगळी. बारीक अंगाच्या बाईलाही ट्रान्स फॅट सोडत नाही.

"मग आता २ टक्के झालं, म्हणजे खुशाल खावं का?" असं कुणी विचारेल. तर नाही. आजचं वनस्पती बहुतेक पामतेलापासून होतं, आणि ते तेल इंडोनेशिया-मलेशियाहून येतं. त्यात ट्रान्स फॅट कमी केलं तरी घट्टपणासाठी लागणारी संपृक्त चरबी राहतेच, आणि ती जास्त झाली तर वाईट कोलेस्टेरॉल वाढवतेच. साजूक तुपातही ती भरपूर असते, म्हणून तूपही वाटीनं नाही, चमच्यानंच. माणशी रोज वरून घेतलेलं सगळं तेल-तूप २० ते ३० ग्रॅम पुरे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला सगळं मिळून अडीच ते साडेतीन किलो. आज घरी जाऊन आपल्या किराण्याची चिठ्ठी काढा आणि ताडून बघा.

डबा घरातून गेला तरी माल मागच्या दारानं येतो, तेही लक्षात ठेवा. चहाबरोबरची खारी, टोस्ट, क्रीमरोल, नानकटाई यांत बऱ्याचदा वनस्पती नाहीतर मार्गारीन असतं. पाकिटावर 'हायड्रोजनेटेड', 'शॉर्टनिंग', 'व्हेजिटेबल फॅट' असे शब्द इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. आपल्याला वाचता आले नाहीत तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यायचे. सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, तिथं बेकरीवाल्याला सरळ विचारायचं. आणि तळणीचं तेल काळं पडेपर्यंत पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. कढईत उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात ओतणं ही बचत नव्हे.

आमच्या ऑर्डरचं काय झालं ते सांगते. पुढच्या बैठकीत मी ही सगळी गोष्ट सांगितली. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलून काय होतंय, घाणा काढून बघू." शंकरपाळीचे तीन घाणे काढले. एक डालड्याच्या मोहनाचा, एक तुपाच्या, एक कडकडीत तेलाच्या. डोळे मिटून सगळ्यांनी खाल्लं. खरं सांगायचं तर डालड्याची शंकरपाळी सगळ्यांत खुसखुशीत होती. तुपाची दुसरी आली. तेलाची जरा कडक, पण मावशींनी मोहन जास्त तापवून आणि पीठ थोडं घट्ट मळून चौथा घाणा काढला, तो चालण्यासारखा झाला.

शेवटी ठरलं असं. चकली आणि शंकरपाळीला शेंगदाणा तेलाचं मोहन, करंजीच्या साट्याला खरं तूप. करंजीचा भाव किलोमागं वाढवावा लागला. ऑर्डर देणाऱ्या ताईंनी तो ऐकून करंज्या पाच किलोनं कमी केल्या. गटाचं तेवढं नुकसान झालं, ते वहीत लिहिलेलं आहे. पाकिटावर मात्र जे घातलं तेच लिहिलं. शंकरपाळीच्या पाकिटावर 'शेंगदाणा तेलातली', करंजीच्या पाकिटावर 'साटा तुपाचा, तळण तेलाचं'. ज्या बाईनं 'तुपातले लिहू' म्हटलं होतं, तिनंच आपल्या सुबक अक्षरात ती लेबलं लिहिली.

यंदा तुमच्याही गटाला ऑर्डर येतील. मोहन कसलं घालायचं, ते तुमचा खिसा आणि तुमचं गिऱ्हाईक बघून तुम्ही ठरवा. फक्त बैठकीत आधी डबा समोर ठेवा, त्याच्यावरचं सगळं मोठ्यानं वाचा आणि मग यादी करा.