जडत्व : शब्द आणि संकल्पना

मराठीत जीभ जड होते, डोके जड होते, निरोप देताना पाऊल जड होते. त्यामुळे 'जडत्व' म्हटले की वस्तू जागची हलायला नाखूश असते, एवढेच मनात ठसते. चालती वस्तू थांबायलाही तितकीच नाखूश असते, हा उरलेला अर्धा अर्थ शब्दातून उमटत नाही. आम्ही भाषेचे अध्यापक. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हा अर्धा अर्थ शब्दाबाहेर का राहिला, हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे.

ॲरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४–३२२) मते जमिनीवरची वस्तू चालण्यासाठी तिला कोणीतरी सतत चालवावे लागते. अनुभव त्याच्याच बाजूचा आहे. बैल थांबले की गाडी थांबते. अडचण फेकलेल्या दगडाची. हात सुटल्यावर त्याला कोण ढकलते? हाताने हलवलेली हवा, असे उत्तर ॲरिस्टॉटलने दिले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते नाकारले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने लोहाराच्या धार लावण्याच्या चाकाकडे बोट दाखवले. हात काढल्यावरही ते जागच्या जागी फिरत राहते. मग मागून हवा शिरणार कोठून? फेकणारा वस्तूत 'इम्पेटस' नावाची प्रेरणा घालतो, असे त्याने मांडले.

वैशेषिक दर्शनातही सुटलेल्या बाणाचा असाच विचार आहे : पहिली हालचाल बाहेरच्या रेट्याने, पुढची बाणात उपजलेल्या संस्काराने, आणि संस्कार सरला की गुरुत्वामुळे पतन. हे वाचून 'न्यूटनच्या आधी आमच्याकडे' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. इम्पेटस काय किंवा संस्कार काय, दोन्ही कल्पना 'वस्तू चालते का?' याच प्रश्नाची उत्तरे आहेत. खरी क्रांती उत्तर बदलल्याने नव्हे, प्रश्न बदलल्याने झाली.

तो बदल गॅलिलिओपासून स्पष्ट दिसतो. १६३२ च्या 'संवाद' ग्रंथात त्याने विचारले : उतारावर चेंडूचा वेग वाढतो, चढावर घटतो, मग चढ-उतार नसलेल्या गुळगुळीत पृष्ठावर तो का थांबावा? मात्र त्याचे हे पृष्ठ पृथ्वीच्या गोलाईला धरून होते. मोकळी वस्तू सरळ रेषेतच जात राहील, हे देकार्तने १६४४ मध्ये सांगितले. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने नियम बांधला : बाहेरचे बल नसेल तर स्थिर वस्तू स्थिर आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. बल गती टिकवत नाही, ती बदलते. बदल बलाच्या प्रमाणात आणि बलाच्याच दिशेने होतो. म्हणून चंद्राला पुढे ढकलणारा कोणी लागत नाही. त्याची सरळ वाट सतत वळवणारे पृथ्वीचे आकर्षण पुरते.

आता शब्दाकडे. या संदर्भात 'इनर्शिया' हा शब्द न्यूटनच्या आधी केप्लरने वापरला होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस. केप्लरच्या मते आळस हा द्रव्याचा स्वभाव. चालवणारी शक्ती हटली की ग्रह जागीच थांबावा. न्यूटनने शब्द तोच ठेवून अर्थ बदलला, आणि आपल्याला केप्लरचा अर्थ अभिप्रेत नाही अशी नोंद स्वतःच्या प्रतीत करून ठेवली. संकल्पना पुढे गेली, शब्द मागे राहिला. आपल्या 'जडत्वा'तही केप्लरचा आळसच अधिक ऐकू येतो.

शब्द बदलावा असे आम्ही सुचवत नाही; रुळलेल्या शब्दालाही एक जडत्व असते. पण कॅरमच्या पटावर पावडर टाकल्यावर सोंगटी दूर जाते, ती पावडरीने ढकलल्यामुळे नव्हे, घर्षणाचा अडथळा कमी झाल्यामुळे, हे वर्गात शब्दाबरोबरच सांगता येईल. आणि एखाद्या मुलाने 'हात सुटल्यावर चेंडूला कोण ढकलते?' असे विचारले, तर त्याला हसू नये. त्या प्रश्नातून बाहेर पडायला माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली आहेत.