सीलाच्या चरबीची साक्ष

अशक्त मुलांना कॉड माशाच्या यकृताचें तेल पाजण्याची चाल आपल्याकडील शहरी घरांतून एके काळीं रूढ होती. त्या तेलाचा उग्र वास पुष्कळांच्या स्मरणांत अजून असेल. परंतु तोच कॉड समुद्रांतून नाहींसा होऊं लागला तेव्हां त्याचा दोष एका मुक्या प्राण्यावर कसा आला, आणि त्या आरोपाची चौकशी रसायनशास्त्राला कशी करावी लागली, हा इतिहास फारसा परिचित नाहीं.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतचा समुद्र शतकानुशतकें कॉडचें आगर होता. २ जुलै १९९२ रोजीं कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनीं न्यूफाउंडलंडच्या बाजूची कॉडची मासेमारी बंद केल्याचें जाहीर केलें. सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार त्यामुळें बुडाला. पुढच्याच वर्षीं नोव्हा स्कॉशियाच्या पूर्वेकडील समुद्रांतहि तीच पाळी आली. बेसुमार मासेमारी हें या ऱ्हासाचें मुख्य कारण होतें. पण जाळीं गुंडाळून ठेवल्यावरहि कॉड वाढेना, तेव्हां कोळ्यांचें लक्ष करड्या सीलांकडे वळलें.

हॅलिफॅक्स शहरापासून सुमारें ३०० किलोमीटर अंतरावर सेबल नांवाचें वाळूचें एक चंद्रकोरीसारखें बेट आहे. जहाजांच्या अपघातांमुळें तें पूर्वीं कुप्रसिद्ध होतें. दर हिवाळ्यांत करड्या सीलांच्या माद्या तेथें वितात. १९६० च्या सुमारास तेथें वर्षाकांठीं कांहीं शें पिल्लें जन्मत; २०१६ सालीं ही संख्या ८०,००० च्या वर गेली. सील वाढले, कॉड घटले; तेव्हां सीलांनींच कॉड फस्त केला, असें अनुमान काढण्यास कोणास फार विचार करावा लागला नाहीं.

परंतु दोन गोष्टी एकाच काळीं घडल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरतेच असें नाहीं. सील खोल पाण्यांत शिकार करतो. त्याचें जेवण कोणी पाहिलेलें नसतें. जुनी रीत अशी कीं, सील मारावा, त्याचें पोट चिरावें आणि माशांच्या कानांतील चुन्याचे बारीक खडे मोजावे. खड्याच्या आकारावरून माशाची जात व लांबी कळते. पण या रीतींत दोष होते. बेटावर आलेल्या सीलाचें पोट बहुधा रिकामें असतें. लहान माशांचे खडे लवकर विरघळतात. आणि मोठ्या माशाचें केवळ पोट खाऊन डोकें टाकून दिलें असेल, तर खडा मिळतच नाहीं. शिवाय पोट सांगतें तें शेवटच्या एकदोन जेवणांपुरतेंच.

‘जसें अन्न तसें मन’ असें आपण म्हणतों. अन्न तसें शरीर, हें रसायनशास्त्रानें अक्षरशः खरें करून दाखविलें. १९७८ व १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील डीनिरो व एपस्टाइन या शास्त्रज्ञांनीं असें सिद्ध केलें कीं, अन्नांतील कार्बन व नत्र यांच्या हलक्या व जड अणूंचें प्रमाण खाणाऱ्याच्या देहांत उमटतें. अन्नसाखळीची एकेक पायरी चढतांना जड नत्राचें प्रमाण हजारीं सुमारें तीन ते चार अंशांनीं वाढतें. सीलाच्या मिशींत वा दाताच्या वार्षिक थरांत ही नोंद राहून जाते. मात्र तिच्यावरून सील कोणत्या पायरीवर जेवला तें समजतें. माशाचें नांव समजत नाहीं.

तें नांव चरबीनें सांगितलें. १९५२ सालीं जेम्स व मार्टिन यांनीं वायुरूप मिश्रणांतील घटक वेगळे करण्याची जी युक्ति प्रसिद्ध केली, तिच्यामुळें चरबींतील मेदाम्लें एकेक करून मोजतां येऊं लागलीं. प्रत्येक जातीच्या माशांत या मेदाम्लांचें मिश्रण निराळें असतें, आणि सीलाच्या कातड्याखालील जाड थरांत तें फारसा पालट न होतां सांठतें. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठांतील सारा आयव्हरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं या तत्त्वावर गणिती पद्धति बसविली. सुमारें सत्तर मेदाम्लांचें प्रमाण घ्यावयाचें, सीलाच्या देहांत होणाऱ्या लहानसहान फरकांची वजावट करावयाची, आणि कोणते मासे किती प्रमाणांत मिसळले असतां तें मिश्रण होईल याचा हिशेब करावयाचा. त्यासाठीं प्राणी मारावा लागत नाहीं. कुशींतून चरबीचा लहानसा तुकडा काढून त्याला सोडून देतात.

सेबल बेटावरील सीलांच्या चरबीनें जी साक्ष दिली, तिच्यांत वाळूंत दडणाऱ्या सँडलान्स नांवाच्या लहान माशाचें व तांबड्या रेडफिशचें नांव ठळक होतें. कॉडचा वांटा थोडा होता. येथेंच आरोपी निर्दोष सुटला असें वाटेल. परंतु सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या मुखाशीं, हिवाळ्यांत कॉडचे थवे जमतात त्या ठिकाणीं मारलेल्या सीलांच्या, विशेषतः नरांच्या, पोटांत कॉड पुष्कळ सांपडला. २०१२ सालीं कॅनडाच्या सिनेटच्या एका समितीनें या आखातांतील ७०,००० करडे सील मारण्याची शिफारसहि केली.

दोन्हीं साक्षी खोट्या नव्हत. एक अनेक आठवड्यांच्या व विस्तृत समुद्रांतील आहाराची होती. दुसरी एका जागच्या, एका ऋतूंतील जेवणाची होती. शिवाय माशांची संख्या अगोदरच रोडावली असेल, तर सीलाच्या ताटांतील लहानसा घांसहि माशांना भारी पडतो. म्हणून सीलानें काय खाल्लें, एवढें कळल्यानें त्याचें काय करावें हा प्रश्न सुटत नाहीं. पण ज्याच्या जिवावर शिक्षा यावयाची आहे, त्याचा अपराध कोठला, केव्हांचा व केवढा हें आधीं तपासलें पाहिजे. आणि तें तपासण्याचें साधन त्याच्याच कातड्याखालीं सांठलेलें होतें.