तळटीप ७ : खांबावरची पिवळी नोटीस

७. इंग्लंडमध्ये १९४७च्या नगररचना कायद्यापासून, जमीन स्वतःची असली तरी बांधकामाला स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. किरकोळ वाढीव कामांना सूट आहे. अर्ज दाखल झाला की कौन्सिल शेजाऱ्यांना पत्रे पाठवते किंवा जवळच्या खांबावर अशी नोटीस बांधते. हरकतींसाठी साधारण २१ दिवस मिळतात. उजेड अडतो, खासगीपणा जातो, या हरकती ग्राह्य. घराची किंमत उतरेल किंवा खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल, या नाहीत. लहान अर्जांचा निकाल ८ आणि मोठ्यांचा १३ आठवड्यांत अपेक्षित असतो. बहुतेक अर्ज अधिकारीच निकालात काढतात. वादाचे तेवढे नगरसेवकांच्या समितीपुढे जातात. नकार मिळाला तर अर्जदाराला अपील करता येते. मंजुरीविरुद्ध शेजाऱ्याला मात्र नाही. – संपा.