दवण्याचे तेल

(दवणा, सं. दमनक, हिं. दौना, क. दवन, लॅ. आर्टेमिसिया पॅलेन्स, कुल–ॲस्टरेसी). दवण्याच्या फुलोऱ्यावर आलेल्या शेंड्यांपासून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेले बाष्पनशील सुगंधी तेल. झाड वर्षायू, सुमारे अर्धा मीटर उंच. पाने राखाडी-हिरवी, बारीक विभागलेली. फुले लहान व पिवळी. हिवाळ्याच्या तोंडाशी रोप टाकतात आणि चार महिन्यांच्या आसपास, माघ-फाल्गुनात, कापणी होते. तेलासाठीची लागवड मुख्यतः कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडूत आहे. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्याच्या जेजुरी-सासवड पट्ट्यात ती लहान प्रमाणावर आणि बहुतांशी देवकार्यापुरती होत आली आहे.

कापलेला पाला सावलीत सुकवून भट्टीत घालतात. शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारणपणे शे-दोनशे ग्रॅम तेल उतरते. ते पिवळसर ते तपकिरी, दाट आणि पाण्यापेक्षा हलके असते. गंध गोड, पिकल्या फळासारखा असून त्याला मागून किंचित कडवट झाक येते. हा गंध मुख्यतः डॅव्हॅनोन या सेस्क्विटर्पीन कीटोनाचा. चांगल्या तेलात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याच्या पुढेही जातो. डॅव्हॅनोनाची रचना १९६८ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या जोडीला लिनॅलूल, बायसायक्लोजर्मॅक्रीन आणि दवणा-ईथर या नावाने ओळखली जाणारी संयुगे असतात. कापणी कळीच्या वेळी झाली की फुले पूर्ण उमलल्यावर, यावर त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून तेलाची प्रत ठरवताना गावाच्या नावापेक्षा कापणीची वेळ अधिक सांगून जाते.

गुणधर्म : दवण्याच्या तेलाला जंतुनाशक, कृमिनाशक, मधुमेहावर उपयुक्त, मन शांत करणारे अशी विशेषणे सर्रास लावली जातात. ती तपासताना एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो : झाड, झाडाचा अर्क आणि ऊर्ध्वपातित तेल या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर मांडता येत नाही. मधुमेहाचा दावा ज्यावर उभा आहे, ते १९९६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन उंदरांवरचे होते. त्यांना मिथेनॉलात काढलेला अर्क तोंडावाटे दिला गेला आणि रक्तशर्करा उतरल्याचे दिसले. मिथेनॉलात जे विरघळते ते सगळे वाफेबरोबर उडून येत नाही. जड, न उडणारी द्रव्ये भट्टीतल्या चोथ्यातच राहतात. तेव्हा या प्रयोगावरून तेलाबद्दल, तेही हुंगण्याच्या तेलाबद्दल, काहीच सिद्ध होत नाही. जंतुनाशक गुणाची स्थिती थोडी बरी आहे, कारण तिथे चाचण्या तेलावरच झाल्या आहेत. पण काचपात्रातल्या जंतूंवर होणारा परिणाम आणि रुग्णाच्या अंगावर होणारा परिणाम यांत फार मोठे अंतर आहे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, शतकानुशतकांचा लोकवापर हाही पुरावाच आहे. तो आहे, पण कशाचा, हे पाहिले पाहिजे. चैत्र शुद्ध पक्षात देवतांना दमनक वाहण्याचा विधी ‘निर्णयसिंधु’ (१६१२) व ‘धर्मसिंधु’ या दोन्ही ग्रंथांत आहे (त्यांतला दमनक म्हणजे आजचाच दवणा, हे बहुधा खरे मानावे). वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. जोतिबा हे सातारा-सांगलीतील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. माणदेशात, माण तालुक्यात, म्हसवड हे सिद्धनाथाचे गाव. त्याच तालुक्यात शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाची यात्रा भरते आणि सासवडहून येणारी कावड मुंगी घाट चढते. या मुलखात दवण्याची ओळख आहे ती अशी, ताज्या डहाळीच्या रूपात : वाहायची, हुंगायची, पागोट्यात खोवायची, कपड्यांत ठेवायची. हा वापर निर्धोक ठरला तो डहाळीचा. एक किलो तेलात पाचशे ते हजार किलो पाल्याचा गंध एकवटलेला असतो. डहाळीचा अनुभव त्याला लावणे म्हणजे मात्रेचा विचारच सोडून देणे. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे विधान इथेच कोसळते.

गंधोपचार : मग गंधोपचारात काही तथ्यच नाही, असा उलटा निष्कर्षही काढू नये. गंधाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचते, हे शरीरक्रियाशास्त्राने मान्य केले आहे. फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे याने १९३७ च्या आपल्या ग्रंथाने या उपचाराला नाव दिले, तेव्हापासून वाद चालू आहे तो परिणाम द्रव्याचा की आठवणीचा, यावर. दवण्याच्या बाबतीत माणदेशाचे उदाहरण या वादाला महत्त्वाचे आहे. ज्याने लहानपणापासून चैत्राच्या यात्रेत हा वास घेतला, त्याला तो हुंगताच हुरूप येईल किंवा मन निवेल. पण ज्याला वास ओळखता येतो त्याच्यावर आंधळी चाचणी करता येत नाही, आणि ज्याला दवणा ठाऊकच नाही अशा परदेशी माणसावरचा निष्कर्ष म्हसवडच्या माणसाला लागू होत नाही. म्हणून या तेलाने येणारा निवांतपणा खरा मानावा. त्याला औषधाचा गुण म्हणू नये. त्वचेगणिक दवण्याचा गंध बदलतो, ही अत्तरव्यवसायातील लाडकी समजूत. त्वचेची ऊब व तेलकटपणा यांनी घटक उडण्याचा वेग बदलतो, इतपत ती ग्राह्य आहे.

वापर व दक्षता : वाफाऱ्यात किंवा गंधदाणीत दोन-तीन थेंब पुरेत. अंगाला लावायचे तर खोबरेल वा तिळाच्या तेलात १ ते २ टक्के, म्हणजे १० मिलीलिटरला दोन ते चार थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. शेवंती, गाजरगवत या दवण्याच्याच कुलातील वनस्पतींची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी वापरू नये. पोटात घेऊ नये.

माणदेशातील लागवड : पिकाला कोरडी हवा मानवते, आणि म्हसवडचा परिसर पर्जन्यछायेतला आहे. पण रोपाला हलके, वारंवार पाणी लागते आणि भट्टीच्या वाफेला व थंडाव्यालाही पाणीच लागते. ज्या महिन्यांत माणगंगा नदी आटते, तेच महिने कापणीचे व भट्टीचे. त्यामुळे तेलापेक्षा यात्रेसाठी ताज्या डहाळीचे छोटे पीक इथे अधिक शहाणपणाचे दिसते.

व्यापार : अत्तरे, मद्ये व खाद्यस्वाद यांसाठी, बहुतांश निर्यात.

साठवण : गडद काचेच्या बाटलीत, थंड जागी, बूच घट्ट लावून.